खिसेवालीचे लिफाफे

आमच्या लॉन्ड्रीत कोणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. डाग काढतो तो डागवाला, वाफेच्या इस्त्रीपाशी उभा असतो तो इस्त्रीवाला, काउंटरवर बसून जांभया देतात ते मालक, आणि खिडकीखाली स्टुलावर बसून लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवते ती मी, रफूवाली. समोर आले की सगळे मला ताई म्हणतात. पाठ वळली की काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण माझ्या जिभेला हाड नाही हे मीच कबूल करते, तेव्हा त्यांना तरी काय बोलणार?

खिसेवालीचं टेबल माझ्यासमोर. काउंटरवरून कपड्यांचं गाठोडं आलं की आधी तिच्यापुढे पडायचं. प्रत्येक कपड्याला नंबराचा कापडी बिल्ला टाचायचा, डाग कुठे आहेत तिथे खडूची खूण करायची, आणि खिसे रिकामे करायचे. यातलं शेवटचं काम सगळ्यात जोखमीचं. शाईचं एक पेन आत राहिलं तर मशीनमधल्या वीस कपड्यांचं वाटोळं. बावीस वर्षांत तिच्या हातून एक पेन सुटलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तिला खिशात हात घालायचीही गरज नसायची. वरून बोटं फिरवली की सांगायची, किल्ली, तिकीट, गोळ्यांची पट्टी. मी मुद्दाम कापडाखाली बटण लपवून तिची परीक्षा घ्यायचे. ‘चार भोकांचं,’ म्हणायची, आणि पुढचा कोट ओढायची.

लोकांच्या खिशांतून काय काय निघतं! वाळलेली फुलं, कोर्टाचे कागद, कापसात गुंडाळलेला दुधाचा दात. एकदा तर आख्खी कवळी निघाली. कवळीचा धनी आठवडाभर फिरकला नाही. मालक हळहळत राहिले की बिचारा जेवतोय कसा. डागवाला म्हणाला, ‘जेवतोय कसा ते सोडा, आठवडाभर बायकोशी भांडला नसेल, घरात सगळे खुश असतील.’ आम्ही पोट धरून हसलो. खिसेवाली हसली नाही. तिने कवळी खाकी लिफाफ्यात घातली, वर नंबर लिहिला, तोंड दुमडलं आणि सेफ्टी पिनेने लिफाफा कोटाच्या हँगरला अडकवला.

हा लिफाफा म्हणजे तिचा जीव की प्राण. जुन्या मालकांनी तिला कामावर घेतलं तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या होत्या. वाचायचं नाही, विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. नवे मालक आले, मशिनं बदलली, पण तिचे ते तीन नियम होते तसेच राहिले. एकदा एक बाई काउंटरवर येऊन रडायला लागली. नवऱ्याच्या कोटात काय सापडलं ते सांगा, म्हणाली. खिसेवाली बाहेर गेली आणि शांतपणे म्हणाली, ‘बाई, कोट ज्यांचा आहे त्यांनाच लिफाफा मिळतो.’ ती बाई तिला नाही नाही ते बोलली. ही भिंतीसारखी उभी. महिनाभराने तीच बाई स्वतःचे दोन कोट घेऊन आली, आणि ‘त्या खिसेवाल्या बाईंकडेच द्या’ असं बजावून गेली. त्या दिवशी खिसेवालीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

लग्नाचंही सांगून टाकते. नवरा परगावी कामाला गेला आणि तिथेच रुळला. आधी पत्रं यायची, मग फोन, मग काहीच नाही. मी तिला त्याच्याबद्दल एकदा विचारलं. ‘गेला,’ म्हणाली, आणि हातातल्या कोटाला बिल्ला टाचला. मीही पुन्हा विचारलं नाही. तिच्यापुढे माझ्यासारखीचं तोंडही बंद व्हायचं, यावरून काय ते समजा.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. शाळा सुटली की थेट लॉन्ड्रीत. हॉटेलच्या चादरींचं गाठोडं हीच तिची खुर्ची, तेच टेबल, आणि डोळा लागला तर तीच गादी. मला मावशी म्हणायची. माझं अंगुस्तान पळवून बोटात घालायची आणि राणीसारखी मिरवायची. गणितात इतकी हुशार की मालकांची बेरीज चुकली की लांबूनच ओरडायची. मालक वरमायचे आणि तिला बिस्किट द्यायचे. डागवाला, जो कोणाशी धड बोलत नाही, तोसुद्धा तिला बाटल्या दाखवायचा, कुठल्या डागावर कुठलं औषध. आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवली तिला, असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच पुढचं सांगताना माझा मलाच राग येतो.

आठ वर्षांची असताना एकदा तिने टेबलावरच्या कोटाच्या खिशात हात घातला, चिठ्ठी काढली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. काहीतरी लाडीगोडीचं होतं. आम्ही हसायला लागलो, तेवढ्यात आईचा हात फाडकन तिच्या गालावर बसला. आमच्यादेखत तिने पोरीला मारलं ते तेवढंच. ‘दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही. कधी म्हणजे कधी नाही.’ पोरगी रडली नाही. आईकडे बघत राहिली.

सतराव्या वर्षापर्यंत सगळं ठीक होतं. मग ती लॉन्ड्रीत यायची कमी झाली. कॉलेज लांब आहे, मैत्रिणी आहेत, अभ्यास आहे. खरंच वाटायचं. एके दिवशी आली ती स्वेटर घेऊन. बाहीवर आणि पोटावर बारीक बारीक भोकं, कडा काळ्या, कडक. कसरीने खाल्लेलं भोक आणि जळालेलं भोक यांतला फरक मला कळत नसेल तर मी चाळीस वर्षं काय केलं? मी म्हटलं, ‘काय गं, विड्या ओढायला लागलीस की काय?’ ती हसली. ‘मावशी, मैत्रिणीचा हात लागला.’ आठ भोकं होती. एका मैत्रिणीचा हात आठ वेळा लागतो का? हे मी मनात म्हटलं, आणि मग स्वेटरच्या शिवणीतून लोकर उसवून अशी काही रफू केली की भोकं कुठे होती ते माझं मलाच सापडेना. ‘आईला सांगू नको हां,’ म्हणाली. मी सांगितलं नाही. उलट मनात खुश झाले, की पोरगी मला जवळची समजते.

पुढच्या दोन वर्षांत ती वाळत गेली. उन्हाळ्यातही हात झाकलेले. दिवसा झोपलेली, आणि जागी असली की अंगावर येणारी. कॉलेज सुटलं. घरातल्या वस्तू पाय फुटल्यासारख्या जायला लागल्या, आधी रेडिओ, मग घड्याळ, मग कुकर. खिसेवाली डब्यात कोरडं काहीतरी आणायला लागली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, ‘कुकर कुठेतरी ठेवला असेल, सापडत नाही.’ दोन खोल्यांच्या घरात कुकर सापडत नाही! मी म्हटलं, ‘अगं, पाणी कुठेतरी मुरतंय.’ ‘वय आहे ताई तिचं. होईल सगळं ठीक.’ असं म्हणून ती कोटावर वाकली. तिचे डोळे खोल गेले होते. केस विंचरलेले असायचे, साडीला इस्त्री असायची, बिल्ला नीट टाचलेला असायचा. चेहरा तेवढा उतरत होता.

मग तो दिवस आला. दुपारची सुट्टी होती, मशिनं बंद होती आणि आम्ही चौघं डबे उघडून बसलो होतो. इस्त्रीवाला आपल्या मुलाच्या नावाने खडे फोडत होता. कारटं खोटं बोलतं, काल शर्टाच्या खिशात सिनेमाचं तिकीट सापडलं, मग चांगला बदडला. खिसेवाली एकदम म्हणाली, ‘तुम्ही खिसे तपासता म्हणून तो खोटं बोलतो. आमच्याकडे तसं नाही. मी तिचे कपडे धुते तेव्हा खिशात जे असेल ते लिफाफ्यात घालते, चिकटवते आणि तिच्या उशीपाशी ठेवते. कधी उघडून बघितलं नाही, कधी विचारलं नाही. तिचं ते तिचं.’

हे ती अभिमानाने सांगत होती. जणू तिला बक्षीस मिळालं होतं.

डागवाल्याचा घास हातातच राहिला. मी विचारलं, ‘काय असतं गं त्यात?’

‘काही नाही. कागदाच्या पुड्या. चांदीच्या कागदाचे तुकडे. बारीक पिशव्या. मी बघत नाही म्हटलं ना.’

‘बघत नाहीस? आणि तुझ्या बोटांना काय झालं? कापडाखालून बटणाची भोकं मोजणारी बाई तू!’

‘ताई…’

‘ताई बिई काही नाही! तुला कळतंय का तू काय करतेस? पोरगी घरी विष आणते, आणि तू ते लिफाफ्यात घालून, नीट चिकटवून, तिच्या उशाशी नेऊन ठेवतेस! आपल्या हाताने! आणि इथे आम्हाला ऐकवतेस!’

माझा आवाज काउंटरपर्यंत गेला असणार, कारण मालक डोकावून गेले. मला भान राहिलं नव्हतं. ‘आणि इथे तू लिफाफा नुसता दुमडतेस,’ मी म्हटलं, ‘घरी डिंक कशाला लागतो गं तुला?’

तिने डबा पुढे ओढला. झाकण लावायला गेली. ते लागेना. इस्त्रीवाल्याने तिच्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावून दिलं. मला लगेच पश्चात्ताप झाला, पण माझा पश्चात्ताप नेहमी असाच, बोलून झाल्यावर येतो.

डागवाला मात्र उठून तिच्यापाशी गेला. एरवी त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. ‘पुढच्या वेळी लिफाफा इथे आणा,’ म्हणाला. ‘मी बघतो. माझा धाकटा भाऊ यातच गेला. मला ओळखता येतं.’ सोळा वर्षं आम्ही एका छताखाली काम करतो, आणि त्याला भाऊ होता हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पाच दिवसांनी तिने लिफाफा आणला. तोच खाकी कागद, आमच्याच दुकानातला. वर नंबर नव्हता. नंबर लिहायच्या जागी तिने सुरेख अक्षरात ‘बाळ’ असं लिहिलं होतं.  लिफाफा तिने टेबलावर ठेवला आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. डागवाल्याने कात्रीने कड कापली. आत प्लास्टिकच्या इंचभर आकाराच्या दोन पिशव्या होत्या, एक रिकामी, एकीत तपकिरी भुकटी. एका बाजूने काळा पडलेला चांदीचा कागद. पेनाची पोकळ नळी. त्याने काहीही हुंगलं नाही, चाखलं नाही. नुसतं बघितलं आणि मान हलवली.

‘तेच आहे,’ म्हणाला.

‘हे घेऊन माणूस किती जगतो?’ तिने पाठमोरीच विचारलं.

‘माझा भाऊ सहा वर्षं जगला.’

ती मटकन गाठोड्यावर बसली. हॉटेलच्या चादरींचंच गाठोडं होतं. मग रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना बघत होते. पदर तोंडात कोंबून, आवाज न होऊ देता, हुंदक्यांनी नुसती गदागदा हलत होती. काउंटरवर गिऱ्हाईक होतं ना. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मनात तो आठ भोकांचा स्वेटर आठवत राहिले.

त्या संध्याकाळी तिने लिफाफा उशीपाशी ठेवला नाही. काय झालं ते दुसऱ्या दिवशी तिच्या गालावरच्या ओरखड्यावरून कळलं. पोरीने आधी सहज विचारलं, माझं ते कुठे आहे? ही म्हणाली, टाकून दिलं. मग पोरीने कपाट उलटं केलं, भांडी फेकली, आईच्या हाताला हिसडा दिला आणि निघून गेली. दोन दिवस पत्ता नव्हता. खिसेवाली कामावर यायची, खिसे रिकामे करायची, आणि दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे बघायची. दुसऱ्या दिवशी तिने एक पेन सोडलं. मशीनमधून कपडे निघाले ते निळे होऊन. मालकांनी तोंड उघडलं होतं, पण मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटून घेतलं. डागवाला बिचारा रात्र पडेपर्यंत कपडे घासत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी आपल्या पायांनी परत आली. अंगात ताप, नाकाला पाणी, पायात एकच चप्पल. आईने अंथरूण घातलं, चहा दिला. 

डागवाल्याने व्यसन सोडवायच्या केंद्राचा पत्ता दिला होता. खिसेवाली अर्धा दिवस रजा काढून गेली. बावीस वर्षांत ही तिची चौथी रजा. परत आली ती हातात एक फॉर्म घेऊन, आणि चेहरा असा की कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारली असावी. तिथल्या कारकून बाई वाईट नव्हत्या, म्हणाली. पाणी दिलं, बसायला दिलं. मग विचारायला लागल्या. काय घेते? कधीपासून? दिवसातून किती वेळा? सोबत कोण असतं? याआधी सोडायचा प्रयत्न केला होता का? कशाने सुरू झालं?

‘मला एकाचंही उत्तर देता आलं नाही, ताई,’ ती म्हणाली. ‘जन्मतारीख सांगितली. पत्ता सांगितला. मग त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही एकत्रच राहता ना?’

मी तिला बसायला माझं स्टूल दिलं.

‘त्यांच्या दोन अटी आहेत. एक म्हणजे मुलीने स्वतःच्या मर्जीने सही केली पाहिजे, ओढून आणलेल्यांना ते घेत नाहीत. आणि सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं हवीत, दोघींनी बसून लिहायची. मी विचारलं, बरी होईल ना? त्या म्हणाल्या, खोटी आशा दाखवणार नाही, दहातले तीन-चार टिकतात. एक जागा रिकामी आहे. सोमवारपर्यंत धरून ठेवतो म्हणाल्या. मग यादीतल्या पुढच्याला देणार, त्यानंतर तीन महिने जागा नाही.’ तिने फॉर्मची घडी उलगडून पुन्हा घातली. ‘तीन महिने ती काढणार नाही, ताई. डागवाल्या भाऊंनी तोंडाने म्हटलं नाही, पण मला कळलं. साक्षीदाराचीही सही लागते. तुम्ही याल का?’

रविवारी दुपारी मी गेले. सायकलच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा, अरुंद जिना, आणि आत इतकं मोकळं की बोललेलं घुमत होतं. विकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक टेबल, दोन स्टुलं, कोपऱ्यात अंथरूण. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. उन्हाळ्याचे दिवस, आणि खांद्यावर घोंगडी. मला बघून म्हणाली, ‘मावशी, तू पण?’ आणि घोंगडी वर ओढली. जिच्या बोटात माझं अंगुस्तान सैल व्हायचं, तिच्या मनगटाला आता माझ्या दोन बोटांचा वेढा पुरला असता.  मी खिडकीत जाऊन बसले.

खिसेवालीने फॉर्म टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं त्या बाईने. पहिला प्रश्न विचारायला तिला दोनदा घसा खाकरावा लागला.

‘कधीपासून घेतेस?’

पोरगी हसली. ‘आता विचारतेस?’

‘हो. आता विचारते.’

 खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं. मग पोरगी म्हणाली, ‘तीन वर्षं. आधी ओढायला. मग हे.’

आईने लिहिलं. पुढचा प्रश्न. पोरीने उत्तर दिलं. एकेक उत्तर म्हणजे आईच्या अंगावर एकेक वळ उठत होता, पण ती मान वर न करता लिहीत होती, आपल्या त्याच सुबक अक्षरात. कोण देतं, कुठे मिळतं, सुई कधी वापरलीस का. ‘दोनदा,’ पोरगी म्हणाली, तेव्हा पेन थांबलं, पण पुन्हा चाललं. कशाने सुरू झालं, या प्रश्नाला पोरीने खांदे उडवले. ‘काही नाही गं. सगळे करत होते. आणि घरी येऊन बोलायला कोणी नव्हतं.’ तेही आईने लिहिलं. ‘बोलायला कोणी नव्हतं,’ जसंच्या तसं.

पान उलटलं. शेवटचा प्रश्न आईने मोठ्याने वाचला नाही. नुसतं खाली बघून लिहिलं आणि पेन बाजूला ठेवून फॉर्म पोरीपुढे सरकवला. ‘इथे सही कर.’

पोरीने कागद हातात घेतला. तिने तो नीट वाचला. मग म्हणाली, ‘हे काय लिहिलंयस?’

‘काय?’

‘घरात कोणाला माहीत होतं का, असल्यास कोणाला आणि कधीपासून. तू लिहिलंयस, नाही.’

‘मग? नव्हतंच माहीत. ताईंनी सांगितलं तेव्हा…’

‘खोड ते.’

‘बाळा, मी कधी उघडून बघितलं नाही. शपथ घेते.’

‘आई, मी ते मुद्दाम खिशात ठेवायचे.’ पोरीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘धुवायच्या कपड्यांत. तू धुणार आहेस हे माहीत असताना. लपवायचंच असतं तर मला जागा नव्हती का? वाटायचं, आज ही येईल आणि माझे केस धरेल. आज थोबाड फोडेल. आज विचारेल तरी, की हे काय आहे गं. आणि यायचे तर उशीपाशी लिफाफा. दर वेळी. वर बाळ लिहिलेलं.’

खिसेवाली टेबलाची कड धरून बसली होती.

‘मी जाईन तिथे,’ पोरगी म्हणाली. ‘मलाही मरायचं नाहीये. पण हे असं लिहून नाही जाणार. तुला माहीत होतं. खरं लिही, मग मी सही करते.’

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असावं की मी मध्ये पडेन, म्हणेन की अगं पोरी, आईला खरंच कल्पना नव्हती. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायला मी कधी मागे हटले नाही. पण आठ भोकं बुजवून आईला न सांगणारी बाई मी, मी कुठल्या तोंडाने बोलणार? मी खिडकीबाहेर बघितलं.

 सायकलवाल्याचं एक चाक भरून दुसरं भरून झालं. जिने बावीस वर्षांत आपल्या कामात एक बोट दाखवायला जागा ठेवली नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर जी ताठ मानेने रस्त्याने चालली, तिला त्या कागदावर ती मान वाकवायची होती. कारकून बाई वाचणार, डॉक्टर वाचणार, फाइलमध्ये कायमचं राहणार. मला वाटलं, ती उठून जाईल. खरंच वाटलं.

तिने पेन उचललं. ‘नाही’वर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘हो. आईला.’

मग ‘कधीपासून’ या शब्दापुढे पेन थबकलं. पोरगी घोंगडीतून मान पुढे काढून बघत होती. मी हिशेब केला, फार तर या महिन्यातली तारीख घालेल, ज्या दिवशी मी ओरडले ती. तेवढं पोरीनेही मान्य केलं असतं.

तिने लिहिलं, ‘पहिल्या दिवसापासून.’

लिहून झाल्यावर ती म्हणाली, ‘हात लावल्याबरोबर कळलं होतं मला. उघडलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. मला नाही जमलं, बाळा. मी घाबरले.’

 पोरीने कागद आपल्याकडे ओढून ती ओळ दोनदा वाचली. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, कापू नये म्हणून, आणि सही केली. सही वेडीवाकडी आली. आईने तिच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्याकडे दिलं.

साक्षीदाराच्या रकान्यात छापलं होतं, वरील सर्व माहिती माझ्या समक्ष खरी सांगितली गेली. मी ते वाचलं आणि खाली सही केली.